आठ लांडगे आणि आठ बेडूक: प्राणी बोलावण्याचे नियम सहा महिने वापरल्यावर

चवथ आटोपल्यावर आम्ही पाच जण दर रविवारी फोंड्याला आमच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळायला बसू लागलो, ते शिगमो आला तरी चालूच आहे. पाचवी आवृत्ती, २०१४चं पुस्तक, डीएम, म्हणजे डाव चालवणारा, मी. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, ड्रूइड: निसर्गाची जादू करणारं पात्र.

पाचव्या लेव्हलला ताईला 'कॉन्जुर ॲनिमल्स' हे प्राणी बोलावण्याचं स्पेल (मंत्र) मिळालं. तिने आठ लांडगे मागितले, मी दिले. नकाशावर कुळागरातल्या आठ सुपाऱ्या मांडल्या. शत्रूच्या शेजारी सोबती असला की लांडग्याला दोन फासे टाकून मोठा घेता येतो. चावा बसला की समोरच्याने ताकदीचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा, चुकला तर तो आडवा. म्हणजे एका फेरीत सोळा फासे, वर ते सेव्ह. फायटर खेळणारा मित्र पाळीची वाट बघून बघून गप्प झाला. ते मला फार लागलं.

घोळ माझ्या वाचनात होता. स्पेल चार पर्याय देतं: दोन सीआरपर्यंतचा (सीआर म्हणजे प्राणी किती भारी त्याचा आकडा) एक प्राणी, एकचे दोन, अर्ध्याचे चार, पावचे आठ. खेळाडूने पर्याय निवडायचा, प्राणी कुठले ते डीएमने ठरवायचं. पुस्तकात हे उघड लिहिलेलं नाही. प्रकाशकांच्या अधिकृत खुलाशात आहे.

ताईला सांगितलं तर ती दुखावली. "अरे, मग हे स्पेल माझं कसलं?" शेवटी ठरलं: काय काम आहे ते तिने सांगायचं, जागा बघून प्राणी मी द्यायचे. पुढच्याच डावात खाजनासारख्या दलदलीत गॉब्लिन नावाचे बुटके शत्रू आले. "त्यांना धरून ठेव," ती म्हणाली. मी आठ राक्षसी बेडूक दिले. हा बेडूक आधी चाव्याने पकडतो, मग लहान आकाराचं सावज सरळ गिळतो, आणि गॉब्लिन लहानच! दोन गॉब्लिन गिळले तेव्हा ताई खुर्चीवरून उठून ओरडली. तसा रविवार परत आलेला नाही.

एक गोष्ट आम्ही महिनाभर विसरत होतो. हे स्पेल ड्रूइडचं लक्ष एकवटलेलं असेपर्यंतच टिकतं; तिला मार बसला की कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह लागतो, आणि दहा किंवा अर्धा मार, जे जास्त असेल तेवढा आकडा गाठावा लागतो. तो चुकला की सगळे प्राणी गायब.

जानेवारीपासून 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या २०२०च्या पुरवणी पुस्तकातलं 'समन बीस्ट' हे स्पेलही वापरतोय. एकच प्राणी, ताईच्या पाळीला लागूनच त्याची पाळी, आकडे ठरलेले. नवीन खेळाडूला मी हेच देईन. २०२४च्या पुस्तकात 'कॉन्जुर ॲनिमल्स'च बदललंय: वेगळे प्राणी येतच नाहीत, आत्म्यांचा एक कळप फिरतो आणि मार देतो. डाव झटपट होतो. ताईने वाचून पुस्तक मिटलं. "यात बेडूक कुठे आहेत?"

म्हणून जुनंच ठेवलंय, चारपेक्षा जास्त प्राणी न घेण्याच्या बोलीवर. दलदल आली तर मात्र आठ.