बाल्डर्स गेट ३ : आठ महिन्यांनंतर, फक्त क्लास आणि बिल्डबद्दल

आठ महिन्यांत बाल्डर्स गेट ३ हा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम तीनदा पूर्ण केला. त्याच्या कथेवर भरपूर लिहून झालंय. मी मात्र पुन्हा पुन्हा परतले ती बिल्डसाठी, म्हणजे पात्राची क्षमता निवडून घडवण्यासाठी, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, १२ आणि पात्राला चढता येणाऱ्या लेव्हलही जास्तीत जास्त १२; त्या एकाहून जास्त क्लासमध्ये वाटता येतात. ही मर्यादा मला सुरुवातीला खटकली होती. आता वाटतं, खरी मजा तिच्यामुळेच आहे. एका क्लासला दिलेली प्रत्येक लेव्हल दुसऱ्याच्या वाट्यातून जाते.

माझ्या दुसऱ्या खेपेचं उदाहरण देते. पॅलाडिनच्या, म्हणजे शपथबद्ध योद्ध्याच्या, दोन लेव्हल घेतल्या आणि पुढे स्वोर्ड्स कॉलेजचा बार्ड, म्हणजे तलवार चालवणारा गायक-जादूगार. डिव्हाइन स्माइट, म्हणजे वाराला जादूची जास्तीची इजा जोडणं, पॅलाडिनला दुसऱ्या लेव्हललाच मिळतो, आणि त्यासाठी खर्चायचा स्पेल स्लॉट (जादू वापरायची मोजकी संधी) बार्डचा असला तरी चालतो. बाराव्या लेव्हलला निव्वळ पॅलाडिनकडे १० स्लॉट असतात, या जोडीकडे १६. हिशेब सरळ वाटला. पण एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे एका टर्नमध्ये दुसरा वार, पॅलाडिनला पाचव्या लेव्हलला येतो, आणि या बार्डला बार्डच्या सहाव्या, म्हणजे एकूण आठव्या लेव्हलला. मधल्या तीन लेव्हल फार जड गेल्या. शेजारी माझी फायटर साथीदार लेझेल एका टर्नमध्ये दोन वार करायची, माझा एकच, आणि तो हुकला की टर्न वाया. शिवाय शेवटी फीट (ठरावीक लेव्हलला निवडायची खास क्षमता) तीनऐवजी दोनच.

मग आठवी लेव्हल आली. बार्डनेच होल्ड पर्सन हा मंत्र टाकून शत्रूला जागच्या जागी थिजवायचं आणि पुढच्या टर्नला जवळ जाऊन दोन वार. थिजलेल्या शत्रूला जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जबर, होतो आणि स्माइटची इजा ठरवणारे फासेही दुप्पट पडतात. दोन क्लास एकमेकांत असे अडकले की त्या एका टर्नसाठी मागच्या तीन लेव्हल सोसल्याचं सार्थक झालं.

हे सगळं करून बघता आलं ते विदर्स या गेममधल्या पात्रामुळे. कॅम्पमध्ये १०० गोल्ड दिले की तो क्लास पहिल्यापासून निवडू देतो. सहाव्या लेव्हलला एका लढाईत अडकले तेव्हा निव्वळ पॅलाडिन झाले, ती जिंकले आणि परत बार्डकडे वळले. चूक स्वस्त असली की माणूस धाडस करतो.

तिसऱ्या खेपेला मंक (मुठींनी लढणारा) आणि थीफ (चोर) यांची जोडी. हिल जायंट स्ट्रेंग्थचं एलिक्सिर (बाटलीतलं औषध) प्यायलं की स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, थेट २१ होते आणि लाँग रेस्टपर्यंत (कॅम्पमधल्या पुढच्या मुक्कामापर्यंत) टिकते, त्यामुळे मूळ आकडा ८ ठेवला तरी बिघडत नाही. त्यात टॅव्हर्न ब्रॉलर हा फीट घेतला की मुठीच्या वाराला स्ट्रेंग्थचा बोनस दुप्पट जोडला जातो. ताकद अफाट, पण तिसऱ्या अ‍ॅक्टपर्यंत माझी प्रत्येक टर्न सारखीच झाली होती. निवडीची किंमत बाटलीने फेडली की बिल्डमध्ये जीव राहत नाही, हे माझं ठाम मत आहे. फायटर क्लासच्या चॅम्पियन या सबक्लासबद्दलही (उपप्रकाराबद्दलही) तेच: क्रिटिकलची शक्यता वाढते, करायला नवीन काही मिळत नाही. फायटरचाच दुसरा सबक्लास बॅटल मास्टर त्याच्या कितीतरी पुढे.

एप्रिल २०२५च्या आठव्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) प्रत्येक क्लासला एक नवा सबक्लास मिळाला. त्यातल्या वॉरलॉकच्या हेक्सब्लेडची एक लेव्हल घेतली तर तलवार स्ट्रेंग्थऐवजी करिझ्मावर, म्हणजे पॅलाडिन आणि बार्डची जादू ज्यावर चालते त्याच आकड्यावर, चालते, आणि माझ्या पॅलाडिन-बार्डला नेमकं तेच हवं होतं. पण ती लेव्हल बार्डच्या दहाव्यातून काढावी लागेल, म्हणजे मॅजिकल सीक्रेट्स (दुसऱ्या क्लासचे मंत्र शिकण्याची मुभा) जाणार. दोन दिवस विदर्ससमोर उभी आहे, अजून ठरत नाहीये.