गोड वाइन की फोर्टिफाइड वाइन: निवड करताना

जेवणानंतर घेण्यासाठी फ्रान्सची सोतेर्न घ्यावी की पोर्तुगालची पोर्ट, असा प्रश्न पडला की बहुतेक जण आधी ‘जास्त गोड कोणती’ असे विचारतात. सोतेर्नमध्ये लिटरमागे साधारण 120 ते 150 ग्रॅम साखर असते आणि पोर्टमध्ये बहुधा 100 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे या आकड्यांवरून निवड फारशी सोपी होत नाही. ती साखर वाइनमध्ये शिल्लक कशी राहिली, हे पाहिले तर चव, ताकद आणि उघडलेल्या बाटलीचे आयुष्य या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

द्राक्षरसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे यीस्ट सोतेर्नच्या रसात जवळजवळ आपोआप थकते, कारण रसच विलक्षण दाट असतो. बोर्दोच्या या भागात सिरों या लहान नदीचे थंड पाणी तुलनेने उबदार गारोन नदीला मिळते, शरद ऋतूत सकाळी धुके धरते आणि दुपारी ऊन पडते. या हवेत द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी चढते, सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते आणि आतले पाणी उडून जाऊ देते. मागे उरतात ते तपकिरी, सुरकुतलेले, दिसायला चक्क सडके मणी. सारे घड एकाच वेळी तयार होत नसल्याने तोडणाऱ्यांना त्याच वेलींवरून अनेक फेऱ्या माराव्या लागतात. हवा सतत ओली राहिली, तर हीच बुरशी पीक नासवते. सोतेर्न बनवणाऱ्या शातो दिकेम या द्राक्षमळ्याने 2012 साली आपली प्रसिद्ध गोड वाइन बाजारात आणलीच नाही. सोतेर्नच्या किमतीबद्दल तक्रार करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. चवीला ती मध, जर्दाळू आणि केशराची आठवण देते, आणि मद्यार्क 13 ते 14 टक्के असतो.

पोर्टची रीत अगदी उलट आहे. दोरो खोऱ्यातील काळ्या द्राक्षांचा रस दोन-तीन दिवस आंबला आणि सुमारे निम्मी साखर संपली की त्यात 77 टक्के ताकदीचे द्राक्ष-स्पिरिट ओततात. प्रमाण ढोबळमानाने चार भाग रसाला एक भाग असते. यीस्ट मरते, साखर उरते आणि मद्यार्क 19 ते 22 टक्क्यांवर जातो. अशी स्पिरिट मिसळलेली वाइन म्हणजेच फोर्टिफाइड वाइन. एवढ्या थोड्या वेळात सालीतला रंग आणि तुरटपणा उतरवायचा असल्यामुळे काही ठिकाणी आजही दगडी हौदांत माणसे रांगेने द्राक्षे तुडवतात.

पुढे पोर्टच्या दोन वाटा होतात. रुबी आणि व्हिंटेज यांत काळ्या फळांचा जोम टिकतो. व्हिंटेज पोर्ट दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि तिथेच ती अनेक वर्षे मुरते, म्हणून तिच्या तळाशी गाळ साचतो. टॉनी मात्र लाकडी पिंपात हवेच्या संपर्कात मुरते, तिचा लाल रंग पिंगट होतो आणि चवीत अक्रोड, अंजीर व जळक्या साखरेची छटा येते.

याच कुळातील इतर वाइन तोलताना आंबटपणा विसरू नये. हंगेरीच्या तोकाय असूमध्ये लिटरमागे किमान 120 ग्रॅम साखर असूनही ती तोंडात चिकटत नाही, कारण फुरमिंट द्राक्षाचा आंबटपणा साखरेला अडवून धरतो. वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून केलेल्या आइस वाइनचेही तसेच. त्यासाठी जर्मनीत उणे 7 आणि कॅनडात उणे 8 अंश तापमान लागते, आणि बुरशीचा स्वाद नसल्याने फळ स्वच्छ जाणवते. स्पेनच्या पेद्रो खिमेनेझ शेरीत साखर लिटरमागे 400 ग्रॅमपर्यंतही जाते, आंबटपणा मात्र बेताचा. माझ्या मते ती पेलाभर प्यायची वाइन नाहीच. व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओतावी.

पदार्थासोबत घेताना वाइन पदार्थापेक्षा गोड असावी, नाहीतर ती आंबट आणि पातळ वाटते. फळांच्या टार्टबरोबर किंवा निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर सोतेर्न उत्तम. कडवट चॉकलेटपुढे ती फिकी पडते, तिथे रुबी किंवा व्हिंटेज पोर्ट हवी.

सहा-आठ माणसे जमणार असतील आणि बाटली त्याच दिवशी संपणार असेल, तर मी निःसंकोच सोतेर्न सुचवेन, थंडगार, साधारण 10 अंशांवर. उरलीच तर फ्रीजमध्ये ती काही दिवस चांगली राहते. व्हिंटेज पोर्टही अशा मेजवानीलाच काढावी, कारण फोर्टिफाइड असूनही ती उघडल्यावर दोन-तीन दिवसांत उतरू लागते. आठवड्यातून एखादाच लहान पेला घेणाऱ्याने दहा वर्षांची टॉनी घ्यावी. आधीच हवा खाल्लेली असल्याने ती फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते. त्याहूनही संथ गतीने पिणाऱ्यासाठी मदेरा ही पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची फोर्टिफाइड वाइन आहे. मुरवताना ती मुद्दाम उष्णतेत ठेवतात, त्यामुळे उघडलेली बाटली अनेक महिने राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. गोड हवी असल्यास लेबलवर बुआल किंवा माल्मझी हे प्रकाराचे नाव पाहावे, कारण सेर्सियल हा प्रकार बऱ्यापैकी कोरडा, म्हणजे कमी गोड असतो.