फॉलस्टाफची उधारी : ग्लोबच्या 'हेन्री चौथा'ची डीव्हीडी

लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोब या नाट्यगृहाने २०१० साली शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' नाटकाचे दोन्ही भाग रंगमंचावर आणले. त्या प्रयोगांचं चित्रीकरण डीव्हीडीवर मिळतं. दोन्ही मिळून पाच तासांच्या वर जातं. दिग्दर्शन डॉमिनिक ड्रोमगूल यांचं, राजाचा मुलगा, राजपुत्र हॅल झालेत जेमी पार्कर आणि त्याचा गुत्त्यातला म्हातारा, लठ्ठ दोस्त सर जॉन फॉलस्टाफ झालेत रॉजर अलाम. अलाम यांना या कामासाठी ब्रिटिश रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला होता. घ्यावं का? जरूर घ्या, पण पहिला भाग घेऊन दुसरा दुकानात ठेवून येऊ नका.

माझी उभी नोकरी ऑडिटमध्ये गेली. त्यामुळे फॉलस्टाफचं पोट, त्याची जीभ, त्याचा जगण्याचा उत्साह या सगळ्याचं कौतुक करण्याआधी मला त्याची बिलं दिसतात. आणि शेक्सपिअरने ती खरोखरच लिहून ठेवली आहेत. लंडनमधल्या ईस्टचीपच्या गुत्त्यात हा पडद्यामागे घोरत पडलेला असतो, तेव्हा त्याचे खिसे तपासले जातात. निघतं काय, तर कोंबडा २ शिलिंग २ पेन्स, सॉस ४ पेन्स, दोन गॅलन सॅक ५ शिलिंग ८ पेन्स, जेवणानंतर अँकोव्ही मासे आणि वर पुन्हा सॅक २ शिलिंग ६ पेन्स, आणि पाव अर्धी पेनी. (सॅक म्हणजे स्पेनकडून येणारी वाइन.) मी बेरीज केली, सवयच आहे. १२ पेन्सचा एक शिलिंग धरून १० शिलिंग साडेआठ पेन्स. त्यात पावाचा वाटा अर्धी पेनी! बिल वाचून हॅलही याच आकड्यावर अडकतो.

अलाम यांचा फॉलस्टाफ विदूषक नाही, हे या चित्रीकरणाचं पहिलं बळ. हा शिकलेला, चांगल्या घरातला, बुद्धी शाबूत असलेला आणि ती फक्त जबाबदारी टाळायला वापरणारा माणूस आहे. असे लोक मी टेबलाच्या पलीकडे बसलेले पाहिले आहेत. आपण व्हाउचर मागावं आणि त्यांनी इतका सुंदर किस्सा सांगावा की व्हाउचर राहूनच जावं. गॅड्सहिलच्या रस्त्यावर वाटसरूंना लुटल्यानंतर फॉलस्टाफ हेच करतो. तोंडं झाकलेल्या दोघांनी, म्हणजे हॅल आणि त्याचा मित्र पॉइन्स यांनीच, त्याला पळवून लावलेलं असतं. सांगताना दोघांचे चार होतात, चारांचे सात, मग नऊ, मग अकरा. अलाम प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने टाकतात. घाई नाही, ओरडणं नाही, तो खर्जातला आवाज अगदी सावकाश. आणि खोटं उघडं पडल्यावर चेहऱ्यावर लाज नाहीच, पुढची सबब कुठली वापरावी याचा शांत विचार फक्त दिसतो.

ग्लोबच्या मधल्या अंगणावर छप्पर नाही, पुढचे प्रेक्षक मंचाला टेकून उभे आणि उजेड सगळ्यांवर सारखा. त्यामुळे नट समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलू शकतो. फॉलस्टाफला हे लागतंच. राजा, सरदार ही पात्रं इतिहासात वावरतात, एकमेकांशी बहुतेक पद्यात बोलतात. हा गद्यात आणि थेट आपल्याशी बोलतो. आपण हसलो की त्याच्या कटात सामील झालोच. हसणारी माणसं चित्रीकरणातही दिसतात, ऐकू येतात. २०१२ च्या बीबीसीच्या 'द हॉलो क्राउन'मध्ये सायमन रसेल बील यांनी हीच भूमिका फार हळवी केली आहे, थकलेला, आतून घाबरलेला म्हातारा. ते कामही उत्तम. पण तिथे मी त्याच्याबद्दल वाईट वाटून घेत बसले. इथे मी त्याची साथीदार झाले, आणि मग बिल माझ्यापर्यंत आलं.

ते बिल राजा आणि बंडखोर यांच्यातल्या श्रूझबरीच्या लढाईचं. २१ जुलै १४०३. सैन्यभरतीचं काम फॉलस्टाफकडे सोपवलेलं असतं. तो मुद्दाम खाऊनपिऊन सुखी, लग्न ठरलेली, पैसे देऊन सुटू शकतील अशी माणसं पकडतो, दीडशे जणांच्या बदल्यात तीनशेहून जास्त पौंड गोळा करतो आणि हजेरीपट भिकाऱ्यांनी भरतो. सगळ्या तुकडीत मिळून दीड सदरा, असं स्वतःच सांगतो. हे त्याचं सर्वात विनोदी भाषण. पुढे लढाईत एका वाक्यात कळतं की दीडशेपैकी तीनसुद्धा जिवंत उरलेले नाहीत. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या, म्हणजे शेक्सपिअरच्या काळात कप्तान मेलेल्या शिपायांची नावं पटावरून न काढता त्यांचा पगार उचलत, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला माहीत होतं. अलाम हे वाक्य हसवण्यासाठी वापरत नाहीत आणि रडवण्यासाठीही नाही. नोंद वाचावी तसं वाचतात. माझं आधीचं हसू मला तिथे महागात पडलं.

लढाईच्या आधी हॅल त्याला म्हणतो, देवाचं एक मरण तू देणं लागतोस. फॉलस्टाफचं उत्तर : अजून मुदत भरलेली नाही, आधीच कशाला फेडू? त्यालाच जोडून ते इभ्रतीवरचं प्रसिद्ध स्वगत येतं. इभ्रत तुटलेला पाय जोडते का? नाही. मग ती आहे कोणाकडे? बुधवारी मेला त्याच्याकडे. तर्क बिनतोड आहे, आणि तो मांडणारा दीडशे माणसांच्या जिवावर पैसे खाऊन आलेला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवणं शेक्सपिअरला जमलं, म्हणून हे पात्र चारशे वर्षं टिकलं असं मला वाटतं.

बरं, चोर तो एकटाच आहे का? हेन्री चौथ्याने १३९९ मध्ये दुसऱ्या रिचर्डचा मुकुट काढून घेतला. ज्यांच्या मदतीने काढला ते पर्सी घराणं आता आपला हिस्सा मागतंय, राजा देत नाही, हेच मुळात युद्धाचं कारण. फॉलस्टाफची किरकोळ अफरातफर या मोठ्या व्यवहाराशेजारी ठेवून बघायची, यासाठीच तो ऐतिहासिक नाटकात आहे. गुत्त्यात तो डोक्यावर उशी ठेवून राजा होतो, तेव्हा मुकुट आणि उशी यांत फरक तो काय, हा प्रश्न विचारूनच टाकतो. (इतिहासाच्या वहीत शेक्सपिअरनेही खाडाखोड केली आहे. पर्सी घराण्यातला बंडखोर योद्धा हॉटस्पर प्रत्यक्षात राजापेक्षाही वयाने मोठा होता. नाटकात त्याला हॅलच्या जोडीचा केलाय. फॉलस्टाफचं नावही आधी ओल्डकॅसल होतं. त्या घराण्याशी नातं असलेल्या कॉबहॅम मंडळींच्या हरकतीनंतर ते बदललं.)

दुसरा भाग लोक टाळतात. तो संथ आहे, हे खरंच. बंडखोरांचे प्रसंग लांबतात, तिथे मी चहा करून आले. पण उधारीची खतावणी इथे पूर्ण होते. फॉलस्टाफच्या थैलीत सात ग्रोट (चार पेन्सची नाणी) आणि दोन पेन्स आहेत, म्हणजे अवघे अडीच शिलिंग. गुत्त्याची मालकीण मिस्ट्रेस क्विकली शंभर मार्कांच्या (मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड) थकबाकीसाठी त्याला अटक करवायला येते आणि शेवटी फिर्याद मागे घेऊन, भांडी गहाण टाकून त्याला आणखी पैसे द्यायला कबूल होते. सरन्यायाधीशाकडे तो हजार पौंड मागतो. न्यायाधीश एक पेनीही देत नाही. ग्लॉस्टरशायरचा म्हातारा जस्टिस शॅलो मात्र देतो, कारण फॉलस्टाफचा मित्र हॅल आता राजा होणार.

मग राज्याभिषेक. मी तुला ओळखत नाही, म्हाताऱ्या, असं नवा राजा तोंडावर सांगतो. माझ्या दहा मैलांच्या आत यायचं नाही, पोटापुरतं मिळेल. पार्कर इथे क्रूर वाटत नाहीत, एखादं खातं बंद करून मोकळं व्हावं तसे वाटतात. राजा निघून जातो. फॉलस्टाफ वळतो आणि म्हणतो, मास्टर शॅलो, मी तुमचे हजार पौंड देणं लागतो. माझ्या हिशेबाने, इतक्या साध्या शब्दांत, वर एकही सबब न जोडता देणं कबूल करण्याची दोन्ही नाटकांतली त्याची ही एकच वेळ. शॅलो बिचारा निदान पाचशे तरी परत द्या म्हणतो. ते हजार बुडाले, हे सांगायला ऑडिटर लागत नाही.

तांत्रिक बाजू : उघड्यावरचा प्रयोग आहे, गर्दीच्या प्रसंगांत शब्द निसटतात, म्हणून इंग्रजी उपशीर्षकं लावा. गोष्ट आधी वाचून घेतलीत तर पहिला अर्धा तास सोपा जाईल. नावं फार आहेत. पार्कर यांनी २०१२ मध्ये ग्लोबलाच ड्रोमगूल यांच्या दिग्दर्शनाखाली हेन्री पाचवाही (म्हणजे राजा झालेला हॅल) केला. त्यात फॉलस्टाफ मंचावर येतच नाही, त्याच्या मरणाची हकिकत क्विकली सांगते, आणि त्याचा जुना साथीदार बार्डोल्फ चर्चमधल्या चोरीपायी फाशी जातो. राजाची त्याला संमती असते. पुढची खरेदी तीच.