सभासदत्व कुठे घ्यावे: धर्मप्रांतातील चर्चमध्ये की स्वतंत्र मंडळीत?

नोकरीनिमित्त गाव बदलले की आपल्यातील पुष्कळ कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहतो: सभासदत्वाचे पत्र धर्मप्रांतातील, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील चर्चमध्ये द्यावे, की स्वतःचा कारभार स्वतःच पाहणाऱ्या एखाद्या स्वतंत्र मंडळीत? मी दोन्हीकडे दहा-दहा वर्षे काढली आहेत, त्यामुळे पुढील मत अनुभवाचे आहे, अभ्यासाचे नव्हे. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपदेश यांविषयी येथे लिहीत नाही. नारायण वामन टिळकांची पदेही दोन्हीकडे सारख्याच भक्तीने गायली जातात. फरक आहे तो निर्णय कोणी घ्यायचा यात.

मराठी ख्रिस्ती माणसाला यांतील कोणतीही पद्धत परकी नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ज्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे होते, तिची मुळे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतःच पाहणाऱ्या मंडळ्यांत होती. आणि त्या मंडळ्यांनी १६४८ मध्येच मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे लिहून ठेवले होते की आपला पाळक आणि आपले डिकन (मंडळीचे सेवक) निवडण्याचा अधिकार त्या त्या मंडळीचाच आहे. अहमदनगर भागातील जुन्या मंडळ्या या वळणाच्या. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन (वडिलांच्या सभांमार्फत कारभार चालवणाऱ्या) मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्यावर त्या वळणाच्या लोकांनाही बिशप मिळाले. त्या ऐक्याच्या घटनेत मंडळी, पाळकवर्ग आणि बिशप या तिघांनाही स्थान आहे, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे.

धर्मप्रांताची बाजू कमकुवत नाही. पाळकाचा पगार एका मंडळीच्या थैलीवर अवलंबून राहत नाही, त्यामुळे ज्या खेड्यात पंधरा घरे आहेत तिथेही पाळक येऊ शकतो. आणि पंचांचे आपसांत फाटले तर दार ठोठावायला वर कोणीतरी असते. माझे बिनसले ते छतावरून. आमच्या त्या चर्चचे नाव सांगत नाही, पण तिथे वेदीच्या डाव्या अंगाला कौले सरकली होती, आणि जूनपासून दोन बाकांच्या मध्ये एक निळी बादली ठेवलेली असे. दानार्पणाची थैली फिरवणारे काका ती बादली सवयीने ओलांडून जात. दुरुस्तीचे पैसे आम्ही जमवले होते, ते बँकेत पडूनही होते. परंतु मालमत्ता ट्रस्टच्या नावावर असल्यामुळे ठराव वर जायचा, वरून खुलासा मागवला जायचा, खुलासा जाईपर्यंत समिती बदललेली असायची. असे तीन पावसाळे गेले. कोणी दुष्टपणा केला असे मला वाटत नाही. ज्यांच्या डोक्यावर पाणी पडत नव्हते त्यांना घाई नव्हती, इतकेच.

पुढे ज्या स्वतंत्र मंडळीत गेलो, तिथेही योगायोगाने पहिल्याच वर्षी छत गळले. उपासनेनंतर सभासदांची सभा बसली आणि पत्रे घालावेत की कौले, यावर अडीच तास वाद चालला. पत्रे स्वस्त पडत होते. पण पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मला उपदेश ऐकू येत नाही, असे पुढच्या बाकावरच्या एका आजींनी उठून सांगितले, आणि हात वर करून मते घेतली तेव्हा कौले निवडून आली. तीन आठवड्यांत काम झाले.

याची किंमत मात्र मोजावी लागते. त्याच पद्धतीच्या सभेत पाळकाच्या पगारवाढीवर त्याच्या पत्नीसमोर घासाघीस झालेली मी पाहिली आहे, आणि ती बसूनही ऐकवत नव्हती. मोठी देणगी देणाऱ्या घराला न दुखवता उपदेश करणे स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला सोपे नसावे, असेही मला वाटते. मंडळी फुटलीच, तर शेजारच्या मंडळ्या सल्ला देऊ शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. त्यामुळे मनाने भांडणाला घाबरणाऱ्याने किंवा दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्याने धर्मप्रांतच धरावा, त्यात काही गैर नाही. मात्र ज्याला एकाच गावी राहायचे आहे आणि वार्षिक सभेत अडीच तास बसण्याची तयारी आहे, त्याने आधी स्वतंत्र मंडळीत जाऊन पाहावे आणि पत्र देण्यापूर्वी मागील सभेचे इतिवृत्त वाचायला मागावे. ते कुरकुर न करता हातात मिळाले, तर माझ्या मते पुढे फारसे विचारायचे राहत नाही.

माझ्या पत्नीने आपले सभासदत्व जुन्या चर्चमध्येच ठेवले आहे, आणि नाताळच्या आदल्या रात्री आम्ही दोघे तिकडेच जातो. परवानगीचे पत्र तिथे अखेर चौथ्या वर्षी आले. आता छतावर पत्रे आहेत.