कार्बुरेटरचे जेट किट: पितळ चोख, माहितीपत्रक अर्धवट

मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर आणि कागदी एअर फिल्टरच्या जागी फोमचा फिल्टर बसवल्यापासून माझी ४०० सीसीची, एका सिलिंडरची, कार्बुरेटरवर चालणारी मोटारसायकल बिघडली नव्हती, पण रुसली होती. थंड इंजिन चोक लावूनही पाच-सहा मिनिटे धड चालत नसे, मूठ किंचित उघडून एकसारख्या वेगाने जाताना गाडी बारीक बारीक धक्के देई, आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजत. ही सगळी लक्षणे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लीन’ चालत असल्याची असतात. त्यावर उपाय म्हणून जेट किट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे पितळी तुकडे (जेट) आणि त्यांच्या जोडीचे सुटे भाग असलेले पाकीट घेतले, स्वतः बसवले आणि आठ महिने वापरले. किटच्या कंपनीचे नाव मी इथे देत नाही, कारण एका पाकिटावरून कंपनीचा न्याय करणे योग्य नाही आणि अशा बहुतेक किटांमध्ये निघणारा ऐवज जवळजवळ सारखाच असतो.

किटकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी स्पष्ट असलेले बरे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते; इंजिनाची सर्वाधिक ताकद मात्र त्याहून थोड्या घट्ट, जास्त पेट्रोलच्या (‘रिच’), म्हणजे साडेबारा ते तेराच्या आसपासच्या मिश्रणावर मिळते. धुराचे नियम सांभाळण्यासाठी कंपन्या कमी उघडलेल्या मुठीवर मिश्रण मुद्दाम लीन ठेवतात. त्यात सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले, की हवा वाढते आणि जेट मात्र जुन्याच हिशेबाचे राहतात. जेट किट हा हिशेब पुन्हा जुळवते. ते इंजिनात नवी ताकद घालत नाही. बिघडलेल्या मिश्रणामुळे हरवलेली ताकद तेवढी परत आणते. ज्यांच्या गाडीत सगळे मूळचेच आहे आणि गाडी नीट चालते, त्यांनी या खटाटोपात पडू नये.

पाकिटात तीन मेन जेट, पाच खाचांची एक सुई (ही स्लाइडला लटकते आणि पेट्रोलच्या छिद्रात वरखाली होते), तिची क्लिप, अर्धा मिलिमीटर जाडीचे चार वॉशर, स्लाइडसाठी (हवेच्या वाटेत वरखाली होणाऱ्या भागासाठी) एक मऊ स्प्रिंग, ड्रिलची दोन पाती, एक छोटा स्क्रू आणि दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद निघाला. जेटची घडण पाहून समाधान वाटले. भिंगाखाली धरल्यावर छिद्राच्या कडेला कुठेही कूस दिसली नाही, आटे स्वच्छ होते आणि मूळ जेट जसा हाताने शेवटपर्यंत फिरतो तसेच हेही फिरले. सुईही सरळ होती. काचेवर लोळवून पाहिली तेव्हा तिचे टोक कुठेही डगमगले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सुई केसभर जरी वाकडी असली तरी ती ज्या छिद्रात वरखाली होते त्या नीडल जेटला एका बाजूने घासते आणि ते छिद्र हळूहळू लंबगोल होते. मग कितीही ट्यूनिंग करा, मधल्या टप्प्यात गाडी रिचच राहते.

पहिली तक्रार जेटच्या आकड्यांची आहे. माझा कार्बुरेटर केहिन या जपानी कंपनीच्या बनावटीचा आहे आणि त्याच्या मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. १२५ म्हणजे १.२५ मिमी. मिकुनी या दुसऱ्या जपानी कंपनीचे षट्कोनी मेन जेट मात्र त्यातून ठरावीक वेळात किती पेट्रोल वाहते त्यावरून ओळखले जातात, त्यामुळे दोघांचे सारखे आकडे म्हणजे सारखे जेट नव्हेत. किटमधल्या जेटवर १३०, १३५ आणि १४० कोरलेले होते, पण हे आकडे कोणत्या पद्धतीचे, याबद्दल कागदावर चकार शब्द नव्हता. शेवटी बारीक ड्रिलच्या पात्यांचे गुळगुळीत दांडे अलगद घालून मी व्यास ताडून पाहिले, तेव्हा ते केहिनच्याच पद्धतीचे निघाले. हे काम फार हलक्या हाताने करावे लागते, कारण पितळावर ओरखडा उठला तर जेट वाया जातो. या आकड्यांचा अर्थही लक्षात घेण्यासारखा आहे. १२५ वरून १४० वर गेलो तर व्यास १२ टक्क्यांनीच वाढतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ तब्बल २५ टक्क्यांनी. १३० ला ही वाढ ८ टक्के आणि १३५ ला सुमारे १७ टक्के आहे.

खोलाखोलीचा भाग अनुभवी माणसाला एका दुपारचा आहे. टाकी उतरवावी, पेट्रोलची नळी काढावी, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकावे, केबल सोडवावी आणि दोन्ही रबरी नळकांड्यांच्या पट्ट्या सैल करून कार्बुरेटर बाजूने ओढून घ्यावा. एकच सावधगिरी सांगतो. जपानी कार्बुरेटरचे चौफुलीचे स्क्रू दिसायला नेहमीचेच वाटतात, पण ते जपानी मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि स्क्रूचे डोके गुळगुळीत करून टाकतो. जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर जवळ नसेल तर तो मिळेपर्यंत काम थांबवावे. किटमध्ये तो दिला असता तर ड्रिलच्या दोन पात्यांपेक्षा जास्त उपयोगी पडला असता.

मिश्रणाचा स्क्रू कारखान्यातच पितळी बुचाखाली झाकलेला असतो. किटमधल्या लहान पात्याने त्या बुचाला छिद्र पाडायचे, छोटा स्क्रू त्यात दोन आटे फिरवायचा आणि पकडीने बूच ओढून काढायचे, अशी सोय केलेली आहे आणि ती चांगली चालते. धोका एवढाच, की बुचामागे लगेच खऱ्या स्क्रूचे डोके असते आणि पितळ भेदले की पाते एकदम आत घुसते. मी पात्याला दोन मिलिमीटर सोडून चिकटपट्टीचा जाड वेढा दिला, त्यामुळे ते तिथेच अडले. स्क्रू काढण्यापूर्वी तो आत टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवावे; माझ्या गाडीत पावणेदोन फेरे भरले. त्यानंतर स्क्रू बाहेर आला, स्प्रिंग आली, वॉशर आला, पण इवलासा ओ-रिंग आतच चिकटून राहिला. तो तारेच्या आकडीने ओढून काढण्यात पाऊण तास गेला. परत बसवताना डोक्याकडून टोकाकडे स्प्रिंग, मग वॉशर, मग ओ-रिंग हाच क्रम हवा. कागदावरच्या चित्रात वॉशर आणि ओ-रिंग एकमेकांवर इतके चिकटवून छापले आहेत की मी पहिल्यांदा त्यांची अदलाबदल केली, आणि गाडीचे आयडलिंग (मूठ सोडलेली असतानाची इंजिनाची गती) आपोआप वरखाली होऊ लागल्यावर सगळे पुन्हा उतरवावे लागले.

दुसरी चूक मात्र पूर्णपणे माझी. वरचे झाकण लावताना डायफ्रामची, म्हणजे स्लाइडला जोडलेल्या रबरी पडद्याची कड एका बाजूला खाचेतून सुटली आणि झाकणाखाली चिमटली. या प्रकारच्या कार्बुरेटरमध्ये स्लाइड केबलने उचलली जात नाही. डायफ्रामच्या वरच्या पोकळीत तयार होणाऱ्या निर्वातामुळे ती वर जाते. कड गळू लागली की निर्वात टिकत नाही, स्लाइड अर्ध्यावर अडते आणि मूठ पूर्ण पिळली तरी गाडी जिथल्या तिथे. अर्धा दिवस मी मेन जेटलाच दोष देत बसलो होतो. एअर फिल्टरच्या बाजूने बोट घालून स्लाइड थोडी वर धरली, की डायफ्रामची कड खाचेत आपोआप पसरून बसते. झाकण घट्ट झाल्यावर स्लाइड बोटाने पूर्ण उचलून सोडून पाहावी. ती संथपणे, दमाने खाली आली तर सगळे जागेवर आहे; टपकन पडली तर झाकण पुन्हा उघडावे.

किटची खरी परीक्षा ट्यूनिंगच्या वेळी झाली आणि माहितीपत्रक तिथेच तोकडे पडले. सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही बदलले असल्यास १४० चा मेन जेट, सुईची क्लिप वरून चौथ्या खाचेत आणि मिश्रणाचा स्क्रू तीन फेरे बाहेर, असा एकच आदेश त्यात आहे. मी तो तंतोतंत पाळला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि मला वाटले काम फत्ते झाले. पण वरच्या आरपीएमला इंजिन घशात घास अडकल्यासारखे अडखळू लागले, आणि शंभर किलोमीटरनंतर प्लग काढला तर त्यावर काजळीचा मऊ थर होता. प्लगचे पोर्सेलिन फिक्या तपकिरी रंगाचे हवे. पांढरेफटक म्हणजे लीन, काळे म्हणजे रिच.

त्यानंतर कागद बाजूला ठेवून नेहमीच्या रीतीने गेलो. मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्ध्या आणि पाऊण उघडीपच्या खुणा केल्या. साधारणपणे आयडलपासून पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, पाव ते पाऊणपर्यंत सुई आणि त्यापुढे मेन जेट यांचा अंमल चालतो. निर्वातावर चालणाऱ्या स्लाइडमुळे कमी आरपीएमला या खुणा थोड्या फसव्या ठरतात, म्हणून प्रत्येक चाचणी इंजिन मध्यम फेऱ्यांवर आणून आणि चांगले तापवूनच घेतली. सुरुवात मेन जेटपासून केली. १३५ वर अडखळणे कमी झाले, पण गेले नाही. १३० वर गाडी शेवटपर्यंत मोकळी धावली. पूर्ण मूठ उघडी असताना ती किंचित मागे घेतली आणि गाडीने उलट जोर पकडला, तर मेन जेट लहान आहे असे समजावे; १३० वर तसे काही झाले नाही. म्हणजे कागदाने सुचवलेल्या जेटपेक्षा दोन पायऱ्या खालचा जेट माझ्या गाडीला मानवला.

सुईचे काम सर्वांत नाजूक आणि सर्वांत फळ देणारे होते. क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. चौथ्या खाचेत गाडी मधल्या टप्प्यात जड वाटे. तिसऱ्या खाचेत एकसारख्या वेगातला तो जुना धक्का पुसट स्वरूपात परत येई. तेव्हा किटमधला अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर तिसऱ्या खाचेतल्या क्लिपखाली घातला आणि अर्ध्या पायरीचे मधले माप मिळाले. मूळ सुईला एकच खाच होती, त्यामुळे ही मुभाच नव्हती. सगळ्या किटमधली एकच वस्तू ठेवायला सांगितली, तर मी ही सुई आणि हे वॉशर ठेवीन.

मिश्रणाचा स्क्रू अडीच फेऱ्यांवर स्थिरावला. तो तीन फेऱ्यांच्या पुढे न्यावा लागला असता तर पायलट जेट मोठा हवा असे ठरले असते, आणि इथे किटची मोठी उणीव सांगायला हवी: त्यात पायलट जेट नाहीच. लीन गाडीचा सर्वाधिक त्रास मूठ थोडी उघडी असतानाच जाणवतो, आणि नेमका त्याच टप्प्याचा जेट वेगळा विकत घ्यायला लावणे ही कंजुषी आहे. माझे मूळ जेटवर भागले, सगळ्यांचे भागेलच असे नाही.

आता थंड इंजिन मिनिटाभरात चोक सोडते, धक्के पूर्ण गेले, आणि फटाके इतके कमी झाले की उरलेल्यांचा माग काढताना सायलेन्सरच्या जोडावरची फुटकी गॅस्केट सापडली. ती बदलल्यावर तेही थांबले. मायलेज लिटरमागे ३१ किलोमीटरवरून २८ वर आले, ही किंमत आधीच गृहीत धरावी. सायलेन्सरमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असेल तर रिच मिश्रणातले न जळलेले पेट्रोल त्यात जळून तो बेसुमार तापतो, आणि अनेक ठिकाणी रस्त्यावरच्या वाहनात असा बदल धुराच्या नियमांतही बसत नाही. हे दोन्ही पाकिटावर ठळक छापायला हवे होते. उंच डोंगराळ भागात नेहमी राहणाऱ्यांनी तर मोठ्या जेटच्या फंदात पडण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण विरळ हवेत तीच गाडी आपोआप रिच होते.

राहता राहिले ड्रिलचे मोठे पाते आणि मऊ स्प्रिंग. स्लाइडच्या तळातले छिद्र या पात्याने मोठे करा, म्हणजे स्लाइड चपळाईने उचलली जाईल, असे कागद सांगतो. जेट उतरवता येतो, क्लिप सरकवता येते, पण मोठे केलेले छिद्र पुन्हा लहान होत नाही, आणि नवी स्लाइड डायफ्रामसह घ्यावी लागते. नुसती मऊ स्प्रिंग लावून पाहिली, तेव्हा मूठ झटक्यात उघडल्यावर स्लाइड घाईने वर जाऊन गाडी क्षणभर गुदमरली, म्हणून मूळ स्प्रिंग परत बसवली. ती मऊ स्प्रिंग, १३५ आणि १४० चे जेट आणि माझी जुनी सुई आता एकाच डबीत आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी लावलेली. ड्रिलचे मोठे पाते अजून प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेले नाही.