यूपीएस ६०० व्हीए: मशीन दमदार, बॅटरी शिळी, आणि ते टीं-टीं

आधी त्या आवाजाचं बोलतो. लाइन गेली की हा यूपीएस (बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा) टीं-टीं सुरू करतो, ते लाइन येईपर्यंत. आवाज बंद करायला वेगळं बटण नाही. काही मॉडेलांत पॉवरचं बटण हलकं दाबलं की आवाज थांबतो. यात दाबलं की अख्खा यूपीएसच झोपतो. दुकानातल्या पोराने एकदा तेच केलं आणि अर्धं झालेलं बिल घेऊन कॉम्प्युटर गेला.

आमचं कृषी केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात. पेरणीचे दिवस, काउंटरवर बियाण्याच्या पाकिटांसाठी गर्दी, पंखे बंद, माणसं घामाघूम, आणि खालून हे टीं-टीं. एका म्हातारबानं विचारलंच, "भाऊ, हे काहून बोंबलून राह्यलं?" लाइन गेली हे मला दिसत नाही का? डब्यावर व्हीए, वॅट सगळं छापलंय, पण आवाज बंद होतो की नाही हे कुठेच नाही.

गेल्या पाडव्याला घेतला तेव्हा एक डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर पंधराएक मिनिटं आरामात ओढायचा. बिल संपवून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) नीट बंद करायला तेवढं बास. यंदा ऐन मृगात लाइन गेली आणि एक टीं व्हायच्या आत स्क्रीन काळी. लाइन आल्यावर टॅलीत कंपनी, म्हणजे दुकानाच्या हिशेबाची फाइल, उघडेना. आदल्या रात्रीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, म्हणून निभावलं. तो पेनड्राइव्ह मी कॉम्प्युटरला लावून ठेवत नाही, बॅकअप झाला की गल्ल्यात जातो. व्हायरस आला किंवा वीज पडली तर लावलेला पेनड्राइव्हही सोबतच जातो. सकाळची बिलं कार्बन कॉपीवरून पुन्हा टाकली.

वॉरंटी दोन वर्षांची. टोल फ्रीवर फोन केला, माणूस येईल म्हणाले. दुपारी मेसेज: 'ग्राहक फोन उचलत नाही, तक्रार बंद.' फोन माझ्या खिशात आणि मिस्ड कॉल एकही नाही! पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. शेवटी सांगितलं, नागपूरला आणून द्या. भर सीझनमध्ये दुकान टाकून नागपूर? एसटीचं भाडं आणि दिवसाचा धंदा मोजला तर नवी बॅटरी स्वस्त पडते.

आत असते ती १२ व्होल्ट, ७ एएचची साधी सीलबंद बॅटरी. यवतमाळहून मागवली आणि गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतली. लाल-काळी वायर, चार स्क्रू, संपलं काम. जुनीचं पोट फुगलेलं, आणि तिच्यावरची तारीख यूपीएस घेतला त्याच्याही वर्षभर आधीची! म्हणजे चार्जिंगशिवाय गोडाऊनमध्ये पडून होती. लेड-ॲसिड बॅटरी अशी पडून राहिली की आतून मरत जाते. खोललंच आहे तर बोर्डावरच्या काळ्या गोल बझरच्या भोकावर चिकटपट्टीचे दोन थर मारून घेतले. आता आवाज मला ऐकू येतो, गिऱ्हाइकाला नाही. वॉरंटी गेली. तशीही तिचा उपयोग काय होता!

नवी बॅटरी पडल्यावर मात्र मत बदललं. मशीन दमदार आहे. संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब पिवळा पडतो, तेव्हाही हा बॅटरीला हात न लावता व्होल्टेज सावरून घेतो. फक्त जागा बदलली. आधी टिनाच्या शेडकडच्या भिंतीला होता, आता आतल्या खोलीच्या भिंतीला. या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण २५ अंशांच्या हिशेबानं सांगतात, आणि त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, टिनाखालचं विचारू नका.

लेझर प्रिंटर याच्यावर लावू नका, गरम होताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो. कूलरचं बोर्डही वेगळं ठेवा. अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी-मीठ टाकायची वेळ झाली. आणि महिन्यातून एकदा, काम सेव्ह करून, भिंतीवरचं बटण स्वतः बंद करून किती मिनिटं चालतो ते बघा. बॅटरी मरत आली की मिनिटं आधी घटतात, ते सीझनच्या आधी कळलेलं बरं.

कॉम्प्युटरवाला म्हणतो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर चढत नाही, मशीनच बदल. कापसाचे चुकारे झाले, गावातली उधारी वसूल झाली की बघू. सुरक्षेची खात्री नाही म्हणून तोवर बँकेचं काम त्या मशीनवर बंद, फक्त बिलिंग. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली तेवढंच. लाइन आल्यावर आधी चहा होऊन जायचा, आता कॉम्प्युटर लगेच उभा राहतो.

तीन स्टार. दोन कापले, एक आवाजाचा आणि एक टोल फ्रीचा. घेणार असाल तर दुकानातच डबा उघडून बॅटरीवरची तारीख बघा. ती आत स्क्रूखाली असेल तर निदान डब्यावरचा उत्पादनाचा महिना वाचा. सहा महिन्यांच्या वरचा माल असेल तर दुसरा पीस मागा, आणि नवा यूपीएस पहिल्या दिवशी रात्रभर चार्जिंगला लावून मगच कॉम्प्युटर जोडा.