अर्थ लीकेज ब्रेकर, रिफ्लेक्टर पट्टी आणि गमबूट : लातूरच्या एका दुकानातील खरेदीचा सव्वा वर्षाचा अनुभव

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये भावकीतील एका काकूंचा अर्ज भरून देण्यासाठी मी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात बसलो होतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना 2 लाख रुपये मिळतात आणि कोणते अपघात ग्राह्य धरायचे याची यादीच त्या योजनेत दिलेली आहे : रस्ता अपघात, पाण्यात बुडणे, कीटकनाशक हाताळताना होणारी विषबाधा, विजेचा धक्का, अंगावर वीज पडणे, उंचावरून पडणे, सर्पदंश आणि विंचूदंश, जनावराचा हल्ला. आमचे काका रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला गेले असताना ओल्या पायांनी स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लागून गेले. ती यादी वाचत असताना गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या वस्तीवरून गेलेली माणसे एकेका ओळीपुढे आठवत गेली. मी यादीचा मोबाइलवर फोटो काढला आणि पुढच्या रविवारी तोच फोटो घेऊन लातूरला गंजगोलाईच्या बाजूला असलेल्या एका जुन्या इलेक्ट्रिकल व हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

दुकान अरुंद आहे आणि गर्दीच्या दिवशी आत उभे राहायलाही जागा मिळत नाही. परंतु एकाच छपराखाली वायर, स्टार्टर, दोरखंड, बूट, बॅटऱ्या आणि ट्रॉलीचे सामान मिळते, ही खेड्यातून येणाऱ्या माणसाची मोठी सोय आहे. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. मी फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो सावकाश वाचला आणि पहिला प्रश्न विचारला : "गुरुजी, घरात कुलर लोखंडी हाय का फायबरचा?" लोखंडी आहे म्हटल्यावर त्यांनी कपाटातून आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा अर्थ लीकेज ब्रेकर, काढली. आपल्याकडचे वायरमन याच वस्तूला अजूनही ईएलसीबी म्हणतात.

घरात एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे, असा माझाही समज होता. वस्तुतः 230 व्होल्टला चिकटलेल्या ओल्या माणसाच्या अंगातून साधारणपणे पाव अँपिअरच्या आतबाहेर प्रवाह जातो. तेवढा प्रवाह हृदयाची लय बिघडवून जीव घ्यायला पुरेसा असतो, परंतु 6 किंवा 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घ्यावी लागत नाही, कारण तिचे काम वायर तापून जळू न देणे एवढेच आहे. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते आणि मधला काही भाग माणसाच्या अंगातून किंवा कुलरच्या पत्र्यातून जमिनीत गेला, की डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते. माणसाच्या जिवासाठी यातील 30 मिलीअँपिअरचीच घ्यावी लागते. काउंटरवरच्या पोराने मला आधी 100 मिलीअँपिअरची दिली होती आणि "मोठी हाय, चांगलीच असंल" असा खुलासाही केला होता. आप्पांनी ती परत ठेवायला लावली. त्याआधी दुसऱ्या एका गावातील दुकानदाराने माझ्या भावाला 300 मिलीअँपिअरची वस्तू "सगळ्या सारख्याच असतात" म्हणून विकली होती. ती वस्तू गळतीमुळे लागणारी आग रोखण्यासाठी असते आणि माणसाला शॉक बसताना ती पडेलच याची खात्री नसते. म्हणून खोक्यावरचा आकडा स्वतः वाचावा, तसेच आयएसआय चिन्ह आणि आयएस 12640 हा मानक क्रमांक पाहावा.

दोन पोलची, 40 अँपिअरची ही वस्तू मला पक्क्या बिलासह 1,850 रुपयांना पडली. खरी परीक्षा बसवताना झाली. गावातल्या वायरमनने ती जोडून खटका वर केला की ती लगेच खाली पडायची. तो म्हणाला, "वस्तूच खराब हाय, परत करून टाका." मी आप्पांना फोन लावला. त्यांनी सांगितले, की घरात कुठेतरी अर्थिंगवर बल्ब चालू असेल, तो आधी शोधा. न्यूट्रल नीट मिळत नसला की फेज आणि अर्थिंग घेऊन दिवा लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि आमच्या न्हाणीघरातला बल्ब वडिलांच्या काळापासून तसाच चालत होता. तो सरळ केल्यावर खटका वर टिकला. पण गोठ्याची लाइन लावताच पुन्हा पडला, कारण तिथे दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतवलेले होते. अशा रीतीने दोन दिवस गेले आणि वायरमनची मजुरी वस्तूच्या किमतीच्या जवळपास पोहोचली. वस्तू घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरून ठेवावा. माझ्या मते ही वस्तूची उणीव मानता येत नाही. घराच्या वायरिंगमध्ये पुरून ठेवलेल्या चुका तिने दोन दिवसांत वर काढल्या.

मे महिन्यात कुलर काढला. आमच्या आईची एक जुनी सवय होती : कुलरला हात लावण्यापूर्वी ती बोटांची मागची बाजू पत्र्याला हळूच शिवून बघायची आणि झिणझिण्या आल्या तर "आज कुलर मारतोय, चपला घाला रे" असे घरभर सांगायची. हा आमच्या घरात उन्हाळ्याचाच एक भाग होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. यंदा कुलरचे बटण दाबताच आरसीसीबी पडली. टाकीतली पाण्याची छोटी मोटर उघडून पाहिली तेव्हा तिच्या वायरवरचे आवरण पाण्यात फुगून सुटलेले दिसले आणि उघडे तांबे पत्र्याला टेकलेले होते. दीडशे रुपयांची मोटर बदलल्यावर कुलर चालू झाला. मराठवाड्यात पत्र्याची घरे, लोखंडी कुलर, अंगणात ताणलेली कपडे वाळत घालायची तार आणि पत्र्याच्या कडेवरून नेलेली सर्व्हिस वायर हे सगळे एकमेकांना चिकटूनच असते. वायरवरचे आवरण पत्र्याच्या धारेने कापले गेले, की ओले कपडे टाकणारी बाई थेट त्या तारेला हात घालते.

या वस्तूच्या तीन मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून माणूस कोरड्या लाकडावर उभा असेल, तर तिला काहीच कळत नाही, कारण जमिनीत काही जातच नाही. दुसरे असे, की मेनवर बसवलेली आरसीसीबी पडली तरी इन्व्हर्टर आपला चालूच राहतो. म्हणून आम्ही कुलर आणि पाण्याची मोटर इन्व्हर्टरवरून काढून टाकली. तिसरी गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग नसले तरी ही वस्तू पडते, पण ती माणसाने हात लावल्यावर पडते, म्हणजे झटका एकदा बसतोच. अर्थिंग चांगले असेल तर पत्र्यात करंट उतरताच ती पडते. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि कोळसा-मीठ घालून केलेले अर्थिंगही त्या काळात कोरडे पडून निकामी होते. होळीपासून पाऊस पडेपर्यंत मी दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओततो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ब्रेकरवरचे टी अक्षराचे बटण दाबून खटका पडतो की नाही, हेही पाहतो.

विहिरीवर मात्र याच वस्तूने मला पुरते समाधान दिले नाही. थ्री फेज मोटरसाठी चार पोलची, 30 मिलीअँपिअरचीच घेतली होती. पावसाळ्यात पाण्यातल्या जुन्या केबलच्या जोडातून थोडी थोडी गळती होत राहिल्यामुळे ती दिवसातून चार वेळा पडू लागली आणि रात्री अकराला लाइट आल्यावर पाणी द्यायचे की खटका वर करीत बसायचे, असा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी बहुतेक शेतकरी ती काढून सरळ जोडणी करतात. आम्ही केबलचा जोड नव्याने केला, त्यामुळे त्रास बराच कमी झाला, तरी पूर्ण गेला नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून न राहता स्टार्टरची लोखंडी पेटी काढून फायबरची बसवली, खाली रबरी मॅट टाकली आणि ऑटोस्विच बंद केला. ऑटोस्विचबद्दल माझे मत कडक आहे. लाइट गेली आहे असे समजून माणूस स्टार्टरच्या किंवा मोटरच्या वायरी उघडून बसतो, लाइट येते आणि मोटर आपोआप चालू होते. हात घालायचाच असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, चढून फ्यूज टाकणे तर शेतकऱ्याचे कामच नव्हे. लाइनमन येईपर्यंत पीक एक दिवस तहानलेले राहिलेले परवडते.

ट्रॉलीसाठी रिफ्लेक्टरची पट्टी घेतली. कारखाने सुरू झाल्यावर रात्री लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. ऊस मागून इतका बाहेर आलेला असतो की दिवा असला तरी तो झाकला जातो, आणि पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात उभी असताना मोटारसायकलवाला सरळ तिच्यावर जातो. बाजारात दोन प्रकारच्या पट्ट्या आहेत आणि दिवसा दोन्ही सारख्याच चमकतात. आप्पांनी दुकानाचा दिवा मालवून मोबाइलची बॅटरी डोळ्याजवळ धरायला लावली. स्वस्त पट्टी लाल कागदासारखी दिसली आणि चांगली पट्टी निखाऱ्यासारखी पेटली. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी लावायची असते. एका हंगामानंतर बाजूच्या पट्टीचे कोपरे सुटले आहेत, कारण चिकटवण्यापूर्वी मी पत्रा पुरेसा घासला नव्हता. ऊस भरल्यावर मागची पट्टी झाकली जाते, म्हणून टोळीतल्या मुकादमाला सांगून उसाच्या मोळीवर पट्टी चिकटवलेले पोते बांधायची व्यवस्था केली आहे. दिसायला ओबडधोबड आहे, पण दुरून दिसते.

गमबुटांना मी मध्यम म्हणेन. 420 रुपयांचा काळा बूट पोटरीपर्यंत येतो आणि घोणस किंवा फुरशाचा दंश बहुधा पायाच्या घोट्याखाली होत असल्यामुळे रात्री पाणी देताना त्याचा उपयोग निश्चित आहे. परंतु पाऊस पडलेल्या काळ्या रानात बूट चिखलातच राहतो आणि पाय तेवढा वर येतो, त्यामुळे गडी माणसे तो बांधावर काढून ठेवतात. कपाळाला बांधायची बॅटरी अधिक उपयोगी ठरली, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. तिची चार्जिंग आता वर्षभराने अर्ध्यावर आली आहे. मण्यारीपासून मात्र बूट वाचवत नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही. तिच्यासाठी खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी लागते, जी आमच्याकडे आधीच होती. दंश झालाच तर कापणे, चोखणे आणि आवळून बांधणे यात वेळ न घालवता पाय न हलवता 108 क्रमांकाची गाडी बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे.

शेततळ्यासाठी नायलॉनचा जाड दोर आणि ट्रॅक्टरची जुनी ट्यूब घेतली. पन्नी अंथरलेल्या तळ्याला शेवाळ आले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावर पाय रोवता येत नाही आणि कडेपासून हातभर अंतरावर माणूस बुडतो. दोराला फूट-फूटभर अंतरावर गाठी मारून चारही बाजूंनी एक टोक खुंट्याला बांधले आणि दुसरे पाण्यात सोडले. उन्हाने नायलॉन कडक होते, तेव्हा दर दोन वर्षांनी दोर बदलावा लागेल. कुंपणाचे काम अजून झालेले नाही, आणि पोरे असलेल्या वस्तीवर खरे म्हणजे ते आधी व्हायला हवे होते. अंगावर पडणाऱ्या विजेवर आप्पांकडे काहीच विकायला नव्हते. त्यांनी मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे दामिनी ॲप उतरवून दिले, जे आसपास कडाडणाऱ्या विजेची सूचना देते. सूचना मिळाल्यावर झाड सोडून पक्क्या घरात जायचे असते, पण रानात रेंज नसेल तिथे ते मुके राहते.

दुकानाबद्दल सांगायचे तर माल खात्रीचा आहे, बिल मागावे लागत नाही आणि फोनवर उत्तर मिळते. बसवून देण्याची सोय मात्र नाही, काउंटरवरच्या पोराला वस्तूंची माहिती नाही, आणि आप्पा जेवायला गेलेले असतील तर त्यांची वाट पाहणेच शहाणपणाचे. दहा नंबरचा बूट दोनदा सांगूनही अजून आलेला नाही. जाताना मीटरचा फोटो, बोर्ड उघडून काढलेला फोटो, मोटरचा एचपी आणि केबलची लांबी लिहून न्यावी. रविवारी दुपारनंतर गर्दी थोडी ओसरते. भावाची 300 मिलीअँपिअरची वस्तू आप्पांनी बदलून दिली नाही, कारण ती त्यांच्याकडची नव्हती. येत्या रविवारी नवी घेऊन ती काढून टाकायची आहे.